दोन समुद्रांच्या मधला मुलूख

(बेळगावजवळच्या एका गावातील वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. सुगी अजून पुरती आटोपलेली नाही, खळ्यावर भाताच्या राशी आहेत, तरी तुम्ही एवढ्या संख्येनं आलात याचा मला फार आनंद आहे.

'आपल्या परिसरातील पाहण्यासारखी ठिकाणे' हा विषय मला दिलाय. ठिकाणांची नुसती यादी तुमच्या मोबाईलवरही मिळेल, ती वाचायला मी आलेलो नाही. मला एक गोष्ट तुमच्या मनात घालायची आहे. गेली कितीतरी वर्षं आपण स्वतःला कडेचे समजत आलोय. राज्याच्या कडेचे, नकाशाच्या कडेचे. पण आपल्या डोंगरातली देवळं, गड, शिलालेख पाहत फिरलं की कळतं, हा मुलूख पूर्वी वाटेच्या बरोबर मधोमध होता. कोकण आणि देश यांना जोडणारी वाट आपल्या दारावरून जात होती.

सुरुवात कणकुंबीपासून करू. खानापूर तालुक्यातलं जांबोटी सोडून गोव्याकडे उतरणाऱ्या चोर्ला घाटाच्या रस्त्याला लागलं की पुढे कणकुंबी येतं. तिथं माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे. मलप्रभा पूर्वेला निघते, पट्टदकल्लच्या देवळांजवळून वाहते आणि 304 किलोमीटर चालून कुडलसंगमला कृष्णेला मिळते. म्हणजे ते पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. आणि याच खानापूर तालुक्यात, देगावच्या रानात म्हादई उगम पावते. ती पश्चिमेला उतरते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. एकाच पावसाचं पाणी, पण डोंगराच्या कुठल्या अंगाला पडलं त्यावर त्याचा समुद्र ठरतो. कणकुंबीला जाल तेव्हा कुंडापाशी हात जोडून लगेच गाडीत बसू नका. जरा चढावर जा, दोन्ही बाजूंचा उतार बघा. भूगोलाचा एक अख्खा धडा तिथं उघड्यावर पडलाय.

पाण्याला जिथं वाट मिळाली तिथं माणसालाही मिळाली. गोव्याच्या बंदरात उतरलेला माल घाट चढून वर यायचा आणि देशावरचं धान्य, कापड खाली जायचं. ज्याच्या हातात घाट, त्याच्या हातात पैसा. गोव्याच्या कदंब राजघराण्यानं हे नीट ओळखलं होतं. त्यांची राजधानी खाली गोव्यात, आधी चांदोरला आणि मग गोपकपट्टणला. पण घाटावरची त्यांची मोठी जागा म्हणजे आपली हलशी.

हलशीबद्दल मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण या गावाला आपण फार कमी लेखलंय. बेळगावहून साधारण 40 किलोमीटरवर, खानापूर तालुक्यात हे गाव आहे. जुन्या लेखांत त्याचं नाव पलाशिका. गोव्याच्या कदंबांच्याही आधी, बनवासीच्या कदंबांच्या काळात, म्हणजे 5व्या-6व्या शतकात, हे राजधानीच्या तोडीचं गाव होतं. या गावाच्या परिसरात ताम्रपट सापडले. फ्लीट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं ते वाचून छापले, म्हणून आज आपल्याला त्यांतला मजकूर माहीत आहे. मृगेशवर्मा या कदंब राजानं आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय, म्हणजे जैन देऊळ, बांधलं, असं त्यांत आहे. पुढच्या रविवर्मा राजाच्या वेळच्या एका ताम्रपटात तर असं लिहिलंय, की एका गावाच्या उत्पन्नातून दरवर्षी कार्तिकी पौर्णिमेला जिनदेवाचा आठ दिवसांचा उत्सव करावा, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत तपस्व्यांच्या जेवणाची सोय करावी.

पावसाळ्याचे चार महिने! खानापूरचा पाऊस ज्यानं अंगावर घेतलाय त्याला या ओळीचं मोल कळेल. ओढे-नाले भरले, वाटा बंद झाल्या की भिक्षेला फिरणाऱ्या साधूनं जायचं कुठं? दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी त्याचा विचार केला आणि तो तांब्यावर कोरून ठेवला. मला हा मजकूर कुठल्याही लढाईच्या वर्णनापेक्षा मोठा वाटतो.

आता हलशीतलं भूवराह-नरसिंह मंदिर. हे 12व्या शतकातलं, गोव्याच्या कदंबांचं. आत गेल्यावर एक गोष्ट मुद्दाम बघा. देवळाला एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला एक असे दोन गाभारे आहेत, समोरासमोर. मधल्या मंडपात उभं राहिलं की एका बाजूला नरसिंह, दुसऱ्या बाजूला भूवराह. इथल्या लेखावरून कळतं की कदंब राजा शिवचित्त परमादिदेवाच्या काळात, 1169 साली नरसिंहासाठी दान दिलं गेलं, आणि पुढे त्याचा भाऊ विष्णुचित्त विजयादित्य याच्या काळात वराहाची स्थापना झाली. मूर्तीपुढं घाई करू नका. वराहानं पृथ्वीला वर उचललंय. समई किंवा टॉर्चचा उजेड समोरून न टाकता बाजूनं टाका, म्हणजे कोरीव कामाची खोली दिसते. समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट होतं. बाहेर आल्यावर शिखराकडे बघा. पायऱ्यापायऱ्यांनी निमुळतं होत गेलेलं हे शिखर म्हणजे कदंबांची खूण. गावात आणखीही जुनी देवळं आणि एक जैन बस्ती आहे. गावकऱ्यांना विचारलंत तर ते आनंदानं दाखवतात.

(इथं श्रोत्यांतून एका ताईंनी विचारलं, "हे सगळे लेख कानडीत किंवा संस्कृतात. मग त्यांचा आपल्याशी काय संबंध?")

ताई, बरं झालं विचारलंत. हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो, बोलून दाखवत नाहीत. माझं म्हणणं सरळ आहे. त्या देवळाच्या आवारात आपल्या आज्या-पणज्यांनी दिवे लावलेत. ज्या जमिनीत आपण भात लावतो, त्याच जमिनीच्या दानाचे ते लेख आहेत. आपली मराठी आपल्याला प्राणाहून प्यारी आहे, ती राहणारच. पण लेख कानडीत आहे म्हणून दगड परका होत नाही. उलट आपण तिकडे फिरकलो नाही, तर नुकसान आपलंच.

आणि आपण कडेचे नव्हतो, याचा पुरावा बेळगावच्या किल्ल्यातच आहे. रट्ट घराण्यातला राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बिचिराज. त्यानं 1204 च्या सुमारास किल्ल्यात जिनालय बांधलं. आपण त्याला कमल बस्ती म्हणतो; बस्ती म्हणजे जैन देऊळ. आत जाऊन मान वर करा. छतातून दगडाचं कमळ खाली उमललंय, पाकळ्यांवर पाकळ्या. काळा दगड इतका घासून गुळगुळीत केलाय की खांबात आपला चेहरा अंधुक दिसतो. या जिनालयाला दिलेल्या दानाचे दोन शिलालेख होते. ते आज कुठं आहेत? लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या ताब्यात. त्या लेखांत वेणुग्रामच्या, म्हणजे आपल्या बेळगावच्या, बाजारपेठेतल्या लोकांनी आपापल्या मालावर कर बसवून घेतल्याची नोंद आहे. आणि त्या पेठेत लाट म्हणजे गुजरातचे आणि मलयाळ म्हणजे केरळचे व्यापारी आहेत! 800 वर्षांपूर्वी गुजरात आणि केरळचा माणूस बेळगावच्या पेठेत दुकान मांडून बसलाय. हे कडेचं गाव असेल का? त्याच किल्ल्यात साफा मशीद आहे, दारात देवीचं आणि गणपतीचं देऊळ आहे, आणि रामकृष्ण आश्रमही आहे. स्वामी विवेकानंद 1892 साली बेळगावात येऊन राहिले होते. किल्ल्याचा बराचसा भाग लष्कराकडे आहे, तेव्हा फोटो काढण्याआधी विचारा.

आता हलशीहून कित्तूरकडे. कित्तूरजवळचं देगाव. म्हादईच्या उगमाचं देगाव वेगळं, हे वेगळं, नावाच्या सारखेपणामुळे गाडी चुकीच्या दिशेला नेऊ नका. इथं कमलनारायणाचं मंदिर आहे. शिवचित्ताची राणी कमलादेवी हिनं ते 12व्या शतकात बांधवून घेतलं, आणि ज्या शिल्पकारानं ते घडवलं त्याचं नावही टिकलंय: तिप्पोज. आपल्याकडे राजाचं नाव राहतं, हातोडी मारणाऱ्याचं राहत नाही. इथं राहिलं. एकाच ओळीत तीन गाभारे, पुढे लांब मंडप, आणि छतांवर अशी नक्षी की बघताना मान दुखते. आपल्यातले किती जण तिथं गेलेत? हात वर करा. बघा, फार थोडे.

कित्तूरचा पडका राजवाडा त्याच दिवशी बघून होतो. 23 ऑक्टोबर 1824 ला तिथं कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या सैन्याशी लढताना इंग्रज कलेक्टर थॅकरे पडला. राणी चन्नम्मांचा शूर शिलेदार संगोळ्ळी रायण्णा याला 26 जानेवारी 1831 रोजी फाशी दिलं ते आपल्या नंदगडला. नंदगडच्या बाजाराला आपण जातोच, ज्या वडाला त्याला फाशी दिलं असं सांगतात, त्या वडाखालीही पाच मिनिटं थांबा.

वीरगळांबद्दल, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मरणाच्या दगडांबद्दल, बोलायलाच हवं. आपल्या गावागावांत, मारुतीच्या पाराशी, शेताच्या बांधावर हे दगड पडलेत. वाचायचे खालून वर. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत पडलेल्या वीराला अप्सरा नेतायत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलाय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. गोव्यातल्या कदंबकाळच्या काही वीरगळांवर तर जहाजांवरची लढाई कोरलेली आहे. आपल्याकडच्या दगडांवर गाई-गुरं दिसतात, कारण इथं माणसं गुरं राखताना मेली. या दगडांवर कपडे धुवू नका, त्यांना ऑइलपेंट फासू नका. नुसते उभे करून ठेवलेत तरी पुष्कळ झालं.

रानाकडे वळतो. भीमगड अभयारण्य 2011 साली घोषित झालं. गड आहे, घनदाट झाडी आहे, पण त्या रानाचं खरं धन बारापेडेच्या गुहांत आहे. रॉटन्स फ्री टेल्ड बॅट या नावाचं एक वटवाघूळ आहे. जगाला त्याची ओळख याच गुहांमुळे 1913 साली झाली, आणि कित्येक दशकं त्याचं दुसरं वसतिस्थानच माहीत नव्हतं. कानाएवढं तोंड नाही, असे मोठे कान. वटवाघळांची वसाहत माणसाच्या वावरानं आणि उजेडानं बिथरते. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे: बारापेडे हे ठिकाण बघायला जायचं नाही. ते आपल्या तालुक्यात आहे, एवढ्याचाच अभिमान बाळगायचा.

धबधब्यांचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हाला माहीत आहेत. गोकाकला घटप्रभा 52 मीटर खाली उडी घेते, काठावर जुनं महालिंगेश्वराचं देऊळ आहे, आणि त्या पाण्यावर 1887 सालीच वीज तयार झाली. जांबोटीकडचा वज्रपोहा रानात आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिकडे पाऊल टाकू नका. दर पावसाळ्यात धबधब्यावर गेलेलं एखादं पोर परत येत नाही. त्या घरात काय होतं ते मी जवळून पाहिलंय. म्हणून तरुणांनो, पाणी लांबून बघा. हब्बनहट्टीचा मारुतीसुद्धा पावसाळ्यात मलप्रभेच्या पाण्याखाली जातो. भाविक तेव्हा वरूनच नमस्कार करतात, तसं करा. घरच्या लहानांना न्यायचं तर असोग्याचं रामलिंगाचं देऊळ उत्तम, खानापूरहून जवळ, नदीकाठ आणि सावली. राजहंसगड मात्र भर पावसात आणि भर उन्हात दोन्ही वेळा चढून बघा. वरून येळ्ळूरची भातशेती दिसते, तेवढ्यासाठी जा.

शाळेचे गुरुजी इथं बसलेत, त्यांच्यासाठी शेवटचं. सहल काढताना एका दिवसात सहा ठिकाणं कोंबू नका. एक दिवस हलशी आणि नंदगड. दुसऱ्या वेळी देगाव आणि कित्तूर. जांबोटी-कणकुंबी वेगळी ठेवा, आणि ती पाऊस संपल्यावर, माघाच्या आत. मुलांना वही-पेन्सिल द्या, खांबाचं चित्र काढायला लावा. हलशीला सकाळी लवकर पोहोचा, देवळाला कुलूप असलं तर शेजारच्या घरात किल्लीची चौकशी करा. दुपारचं जेवण सोबत न्या आणि पत्रावळ्या, बाटल्या गोळा करायला एक रिकामं पोतं विसरू नका.