लोखंडी पेटीतली झान

मंडळी, आजचा विषय तसा अरुंद आहे. अलौकिक शक्तींच्या मांगात, म्हणजे जपानी चित्रकथांत, एक ठरावीक पात्र पुन्हा पुन्हा भेटतं. वय बारा ते सतरा, अंगावर पांढरा वेश, तोंडी देवाचं नाव, हातात भयंकर शक्ती आणि मनात शंकेचा लवलेश नाही. धर्मयोद्धा, पण कोवळा. हे पात्र नीट उभं कसं राहतं आणि कुठे कोसळतं, ते पाहायचं आहे. त्यासाठी हिरोयुकी ताकेई यांच्या 'शामन किंग'मधली आयर्न मेडन झान हे मुख्य उदाहरण घेतो. तिच्या बाजूला लायसर्ग डीथेल हा मुलगा ठेवू आणि थोडा वेळ दुसऱ्या एका मालिकेत डोकावू.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी चार ओळी. 'शामन किंग' 1998 ते 2004 या काळात 'साप्ताहिक शोनेन जंप'मध्ये आली. दर पाचशे वर्षांनी शामनांची, म्हणजे आत्म्यांना सोबतीला घेऊन लढणाऱ्यांची, स्पर्धा होते आणि जिंकणाऱ्याला महान आत्म्याशी एकरूप होऊन जग आपल्या मनासारखं करता येतं. असाकुरा हाओ हा हजार वर्षांपूर्वीचा तांत्रिक पुन्हा पुन्हा जन्म घेऊन तेच करायला निघालाय. त्याला फक्त शामन हवेत, बाकीची माणसं नकोत. त्याला ठार मारण्यासाठी एक टोळी उभी राहते, तिचं नाव एक्स-लॉज. पांढरे गणवेश, हातात पिस्तुलं, गोळी झाडली की प्रकट होणारे देवदूत. टोळीचा कारभार मार्को पाहतो, आणि सगळे गुडघे टेकतात ते झानपुढे. झान म्हणजे एक लहान मुलगी. ती जवळजवळ सगळा वेळ आत खिळे असलेल्या लोखंडी पेटीत बंद असते.

आता मुद्द्यावर येतो. कट्टर पात्र लिहिताना नवखा लेखक पहिली चूक करतो ती संवादात. पात्राच्या तोंडी 'मी न्याय आहे', 'पाप्यांचा नाश' अशी वाक्यं घालतो आणि त्याला वाटतं झाला माणूस कट्टर. दोन प्रकरणांत वाचक कंटाळतो, कारण घोषणा कुणीही देऊ शकतं. कट्टरपणा घालायचा तो त्या जगाच्या नियमांत, शक्ती मिळते कशी आणि खर्च होते कशी या हिशोबात. ताकेईंनी नेमकं हेच केलंय.

'शामन किंग'मध्ये शक्तीला फुर्योकु म्हणतात. तिचं मोजमाप आकड्यात होतं. हाओचा आकडा साडेबारा लाख आहे, आणि तो वाचला की पुढचं पान उलटताना हात जड होतो. हा आकडा दंडाच्या कसरतीने वाढत नाही, मनाच्या घडणीने वाढतो. मरणाच्या दारात जाऊन परत आलेल्याचा तो झपाट्याने वाढतो. आता हा नियम हातात घ्या आणि स्वतःला विचारा, या जगात सगळ्यात कार्यक्षम माणूस कोण? जो रोज, तासन् तास, स्वतःच्या इच्छेने मरणाच्या दारात बसून राहील तो. म्हणजे पेटीतली मुलगी. तिचं वेड या जगाच्या व्यवहारात चोख बसतं. तिला वेडी म्हणावं तर तिचा हिशोब बरोबर निघतो.

मराठी वाचकाला हे समजायला वेळ लागू नये. आपल्या पुराणांत तप हे चलनच आहे. तपाचा आकडा पुरेसा झाला की देवाला वर द्यावाच लागतो, मागणारा भस्मासुर असला तरी. तप करणाऱ्याच्या मनात काय आहे ते तराजू विचारत नाही. झानची पेटी म्हणजे असाच तराजू, फक्त वर ताबडतोब मिळतो.

पेटीबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण इथे गंमत आहे. आयर्न मेडन हे मध्ययुगातलं छळाचं यंत्र अशी सर्वसाधारण समजूत आहे. तसं ते नव्हतं. झिबेनकीस नावाच्या जर्मन लेखकाने अठराव्या शतकाच्या अखेरीस न्यूर्नबर्गमधल्या एका जुन्या शिक्षेची कहाणी रचली, 1515 सालची म्हणून. एकोणिसाव्या शतकात लोकांनी ती कहाणी खरी मानून तशा पेट्या बनवल्या आणि प्रदर्शनांत मांडल्या. न्यूर्नबर्गची प्रसिद्ध पेटी दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत नष्ट झाली. म्हणजे ज्या यंत्राने कुणाला मारल्याचा पुरावा नाही, त्यात ही मुलगी स्वतःहून जाऊन बसते. ताकेईंनी हे ठरवून केलं असं माझं म्हणणं नाही. पण पात्राला ते घट्ट बसतं. कट्टर माणसाची परंपरा बरेचदा त्याला वाटते त्यापेक्षा बरीच अलीकडची असते.

नावाचंही तसंच. झान म्हटलं की फ्रान्सची जोन ऑफ आर्क डोळ्यांपुढे येते: 1429 मध्ये सतराच्या आसपास वय असताना ऑर्लेआंला वेढा उठवायला गेलेली आणि 30 मे 1431 रोजी रुआंमध्ये जाळलेली. 1456 मध्ये निकाल फिरवला गेला आणि 1920 मध्ये चर्चने तिला संत ठरवलं. जपानी वाचकाकडे याच्या जोडीला घरचंही उदाहरण आहे. अमाकुसा शिरो हा किशोरवयीन ख्रिस्ती मुलगा 1637-38 च्या शिमाबारा बंडाचा चेहरा होता. हारा किल्ल्यात अडकलेल्या हजारो शेतकऱ्यांसह तो मारला गेला. देवाचा झेंडा घेतलेलं पोर आणि त्यामागे मरायला निघालेली मोठी माणसं, हे चित्र जपानी वाचकाला परदेशी वाटत नाही.

यापुढची निवड मात्र चकवणारी आहे. झानच्या सोबतीचा आत्मा ख्रिस्ती नाही. तो शमाश आहे, बॅबिलोनचा सूर्यदेव आणि न्यायदेव. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात हम्मुराबीचा काळा शिलास्तंभ आहे, सव्वादोन मीटरच्या आसपास उंचीचा. त्याच्या माथ्यावर राजा ज्याच्यापुढे उभा आहे तो हाच शमाश, आणि खाली कोरलेल्या 282 कलमांत डोळ्याच्या बदल्यात डोळा हे कलम आहे. पांढऱ्या वेशातल्या, देवदूत बाळगणाऱ्या टोळीच्या गाभाऱ्यात क्षमेचा देव बसलेला नाही. तिथे त्याच्या सुमारे अठराशे वर्षं आधीचा दंडसंहितेचा देव बसलाय. टोळीच्या नावातच 'लॉ' आहे, हे मग खटकन लक्षात येतं.

आता कागदावरची कारागिरी. मांगा काळ्या-पांढऱ्यात छापला जातो आणि साप्ताहिकात एका प्रकरणाला साधारण एकोणीस पानं मिळतात. पांढरा गणवेश काढायला शाई लागत नाही, स्क्रीनटोन म्हणजे करड्या छटेचा तयार कागद चिकटवावा लागत नाही. कोरा कागद हाच गणवेश होतो. गर्दीच्या चौकटीत बाकी सगळ्यांवर करडी छटा असते आणि हे सात-आठ जण कागदाच्या भोकासारखे चमकतात. रक्त काळं छापलं जातं, ते पांढऱ्यावर जितकं दिसतं तितकं कशावरच दिसत नाही. तोटाही आहे. बंद पेटीला चेहरा नसतो, आणि मांगा डोळ्यांवर चालतो. पेटी जास्त वेळ बंद ठेवली तर पात्र फर्निचर होतं, आणि फार लवकर उघडली तर धाक जातो. ताकेई आधी टोळीतल्यांच्या वागण्यातून तिचं वजन वाढवत नेतात, पेटी मागाहून उघडतात, आणि आतून निघतं ते शांत, जवळजवळ प्रेमळ बोलणारं पोर. किंचाळणारा कट्टर माणूस वाचकाला सोपा जातो. हळू आवाजात मृत्युदंड सुनावणारा अवघड जातो.

तो दंड एक्स-१ संघाच्या लढतीत दिसतो. संघात तिघं: मार्को, झान आणि लायसर्ग. समोर इजिप्तचा नाईल संघ. हे लोक हाओच्या टोळीतले नाहीत. त्यांचा गुन्हा एवढाच की ते वाटेत उभे आहेत. झान त्यांना छळयंत्रांच्या ओव्हरसोलमध्ये (आत्म्याला वस्तूत उतरवून घडवलेल्या रूपात) अडकवते आणि मारते. या प्रसंगाची जागा फार विचारपूर्वक निवडलेली आहे. तिने पहिला बळी हाओच्या एखाद्या क्रूर चेल्याचा घेतला असता तर वाचकाने टाळ्या वाजवल्या असत्या आणि पात्र तिथेच वाया गेलं असतं. कट्टर पात्राचा कागदावरचा पहिला बळी कधीही खलनायक असू नये. तसा असला तर लेखकाने न कळत त्याची बाजू घेतलेली असते, आणि पुढे कितीही पानं खर्च केली तरी ती परत घेता येत नाही.

त्या लढतीत लायसर्ग बाजूला उभा आहे, आणि माझ्या मते प्रसंगाचं खरं केंद्र तोच आहे. हा इंग्लंडचा मुलगा. वडील गुप्तहेर आणि लोलकाने शोध घेणारे, आई-वडील दोघांनाही हाओने मारलं. लायसर्गचं हत्यार म्हणजे दोरीला बांधलेला स्फटिकाचा लोलक आणि त्याचा आत्मा म्हणजे मॉर्फीन ही चिमुकली परी. आता लोलकाचा नियम पाहा. हात स्थिर हवा, मन रिकामं हवं, तरच लोलक खरं दाखवतो. सूडाने थरथरणाऱ्या हातात तो लेखकाला हवं ते सगळं सांगून टाकतो. शक्तीच्या नियमात स्वभाव घालायचा म्हणजे काय, त्याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. एक्स-लॉजमध्ये गेल्यावर त्याच्याकडे झेरुएल हा देवदूत येतो. देवदूताला पिस्तूल लागतं, स्थिर मन लागत नाही. शोधायचं साधन खाली ठेवून मारायचं साधन उचललं, की मुलगा भरती झाला.

भरतीचे टप्पेही बघण्यासारखे आहेत. आधी एकटं पडलेलं दुःख असतं. मग त्याच दुःखाची माणसं भेटतात. एक्स-लॉजमधल्या बहुतेकांचं काही ना काही हाओने हिरावलेलं आहे. मग गणवेश, मग नवं हत्यार, आणि जुन्या मित्रांशी तुटणं. धर्म सगळ्यात शेवटी येतो. नवखे लेखक क्रम उलटा लावतात, आधी ग्रंथ आणि मग टोळी, आणि म्हणून त्यांची पात्रं पाठांतर करणारी वाटतात.

आता दुसरी मालिका. आत्सुशी ओकुबो यांची 'सोल ईटर' 2004 ते 2013 चालली, 25 खंड. तिच्यात जस्टिन लॉ हा तरुण पाद्री आहे. तो स्वतःच गिलोटिनचं पातं होतो. या जगात माणूस-शस्त्राला चालवायला जोडीदार लागतो. जस्टिन मात्र जोडीदाराशिवाय, तेराव्या वर्षी, सर्वोच्च दर्जाचं शस्त्र म्हणजे डेथ सिथ झाला. त्याच्या कानात कायम इअरफोन, मोठ्या आवाजात गाणी, आणि समोरच्याचं बोलणं तो ओठांवरून वाचतो. तीन बारीक तपशील आहेत, पण तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात: याला कुणी लागत नाही आणि हा कुणाचं ऐकत नाही. भक्ती मात्र शिनिगामीवर, म्हणजे मृत्युदेवावर, अपार. पुढे मांगात हाच मुलगा किशिन (राक्षसी देव) असुराच्या वेडाला बळी पडून तिकडे जातो आणि स्वतःच्याच माणसाचा खून करतो. (असुरा हे नाव आपलंच, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोचलेलं.) वाचकांना तेव्हा हा बदल अचानक वाटला. मला वाटत नाही. त्याची भक्ती तेवढीच राहिली, मूर्ती बदलली, आणि मूर्ती बदलताना टोकायला जोडीदार नव्हता. 2008-09 च्या 51 भागांच्या ॲनिमेत, म्हणजे ॲनिमेशन मालिकेत, हा धागा नाहीच. तिथला जस्टिन त्यामुळे एक विक्षिप्त, गमतीदार पाद्री एवढाच उरतो. फक्त ॲनिमे पाहिलेल्यांशी या पात्रावर वाद घालू नका, दोघांच्या डोळ्यांपुढे वेगळी माणसं असतात.

झानकडे परत येऊ, कारण कट्टर पात्राला वळवायचं कसं हा सगळ्यात नाजूक भाग राहिलाय. इथे बहुतेक कथा फसतात. नायक भाषण देतो, पात्र रडतं, झालं. 'शामन किंग'चा नायक योह हा आळशी, कानाला हेडफोन लावून पडून राहणारा मुलगा आहे. भाषण त्याच्या स्वभावात नाही. मूळ मांगात त्याचा मित्र रेन मारला जातो. मेलेल्याला परत आणण्याची ताकद झानकडे आहे. तिच्या बाजूने अट घातली जाते: योहने स्पर्धा सोडायची. तो सोडतो. राजा होण्याची संधी, ज्यासाठी जन्मभर शिकला ती, एका मित्रासाठी टाकून देतो. झान रेनला उठवते.

हा सौदा फार देखणा आहे. झानच्या जगात त्यागाला किंमत आहे, पण तो त्याग नेहमी ध्येयासाठी. समोर एक जण उभा राहतो जो ध्येयच त्यागतो, माणसासाठी. त्याने तिच्याशी वाद घातलेला नाही. तिच्याच चलनात व्यवहार केलाय, आणि तिच्या वहीत ही नोंद कुठल्या रकान्यात टाकायची ते सापडत नाही. तडा तिथे जातो. तोही लगेच दिसत नाही. पुढच्या कितीतरी प्रकरणांत ती तीच झान राहते, टोळीची माणसं मरत राहतात. तडा आणि पडझड यांत अंतर ठेवायला लेखकाला धीर लागतो, आणि साप्ताहिकात वाचकांची मतं दर आठवड्याला येत असताना तर फारच.

पुढच्या पिढीच्या कथेत मेन ताओ नावाचा मुलगा भेटतो. तो रेन आणि झानचा. जिला पेटीत पाहिलंय तिचं हे वाचताना पहिल्यांदा हसू येतं, मग रेनला कुणी उठवलं होतं ते आठवतं.

वाचायला घेणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. जुनी 32 खंडांची आवृत्ती घेऊ नका. 2004 मध्ये मालिका अर्धवट थांबली, शेवट त्यात नाही. तो 2008-09 च्या 27 खंडांच्या आवृत्तीत आला आणि 2020 पासूनच्या 35 खंडांच्या आवृत्तीतही आहे. 2001 चा ॲनिमे मध्येच वेगळ्या वाटेने जातो, 2021 चा मूळ कथेला धरून आहे पण 52 भागांत सगळं कोंबल्याने पळतो. झानसाठी मांगाच वाचा. आणि लायसर्गसाठी शेवटपर्यंत वाचा. पाच योद्ध्यांना पंचतत्त्वांसारखे पाच आत्मे मिळतात. रेनच्या वाट्याला वीज येते, त्यांचा साथीदार होरोहोरोच्या वाट्याला पाऊस. लायसर्गच्या हाती अग्नीचा आत्मा येतो, हाओचा तोच, ज्याने त्याच्या आई-वडिलांना जाळलं होतं. तो त्याला मारत नाही, चालवायला शिकतो.