बरोक गायनाचे मुख्य प्रकार: ऑपेरा, ऑरॅटोरिओ, पॅशन आणि कँटाटा

नमस्कार. बरोक काळातील, म्हणजे साधारण १६०० ते १७५० या दीडशे वर्षांतील युरोपीय गायनाविषयी वाचू लागले की ऑपेरा, ऑरॅटोरिओ, पॅशन, कँटाटा, मोटेट, मास अशा नावांची गर्दी समोर येते आणि नवखा श्रोता गोंधळून जातो. माझे मत असे की ही नावे पाठ करण्याची घाई करू नये. रचना कुठे, कोणत्या प्रसंगी आणि कोणासाठी गायिली जाई, हे ती प्रामुख्याने सांगतात. आतला माल मात्र बराचसा सारखाच असतो.

तो माल घडला फ्लॉरेन्समध्ये. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात काउंट जोव्हानी दे बार्दी यांच्याकडे जमणाऱ्या कवी, गायक आणि विद्वानांची तक्रार अशी होती, की अनेक स्वरपंक्ती एकमेकींत गुंफणाऱ्या तत्कालीन गायनात कवितेचे शब्द हरवून जातात. प्राचीन ग्रीक नाटके गाऊनच सादर होत असावीत, असा तर्क त्यांच्यात बांधला गेला. तो पुराव्यापेक्षा उत्साहावर अधिक उभा होता, पण त्यातूनच एकटा गायक पुढे आला आणि त्याच्यामागे साथ राहिली ती खर्जातील एका ओळीची. या साथीला बासो कंटिन्युओ म्हणतात. चेलोसारखे वाद्य खर्जाची ओळ वाजवते आणि हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचे, तारा छेडणारे पट्ट्यांचे वाद्य) किंवा ऑर्गन वाजवणारा त्या ओळीसोबत लिहिलेल्या आकड्यांवरून वरचे स्वरमेळ जागच्या जागी भरून काढतो.

या साथीवर गायनाच्या दोन तऱ्हा उभ्या राहिल्या. रेसिटेटिव्हमध्ये गायक बोलण्याच्या लयीने, ठेक्याला फारसे बांधून न घेता कथा पुढे नेतो; आरियामध्ये कथा थांबते आणि पात्र एका भावनेवर मुक्काम करते. कीर्तनकार निरूपण करता करता थांबून पद उचलतो, तशीच ही विभागणी आहे. पुढे आरियाचा 'दा कापो' हा साचा रूढ झाला: पहिला भाग, त्याहून वेगळ्या रंगाचा दुसरा भाग, आणि पुन्हा पहिला. परतून येणारा भाग संगीतकार वेगळा लिहीतच नसे, कारण तेथे आपल्या अलंकरणाने तेच स्वर नव्याने सजवणे हे गायकाचे काम मानले जाई. श्रोते या भागाची वाट पाहत, आणि आरिया संपवून गायक टाळ्यांच्या गजरात रंगमंचावरून निघून जाई.

हे सारे नाटकाला लावले की ऑपेरा होतो. इटालियन संगीतकार मॉन्टेव्हर्डीचा 'ऑर्फेओ' १६०७ मध्ये इटलीतील मांतुआच्या दरबारी मंडळींसाठी सादर झाला. १६३७ मध्ये व्हेनिसमध्ये सान कासियानो हे नाट्यगृह तिकीट काढणाऱ्या कोणालाही खुले झाले आणि राजेरजवाड्यांची करमणूक धंद्यात उतरली. या कलेचे बळ एकाच ठिकाणी पाहायचे असेल, तर मी इंग्रज संगीतकार हेन्री पर्सेल याच्या 'डायडो अँड इनियस' या ऑपेरातील, प्रियकर सोडून निघाल्यावर मरणाला सामोरी जाणाऱ्या डायडो राणीचा विलाप निवडेन. येथे खर्जाची पाच बारांची (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) एक ओळ अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली उतरते, संपते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, ती अखेरपर्यंत. गायिकेची वाक्ये मात्र या आवर्तनांच्या जोडावर नेमकी संपत नाहीत. ती ते जोड ओलांडून पुढे जातात. आपली आठवण ठेवण्याची विनवणी ती आधी एकाच स्वरावर करते आणि मग तेच शब्द वरच्या स्वराला जाऊन भिडतात. खाली मृत्यू ठरलेला आहे आणि वर ती त्याच्याशी वाद घालते आहे, हे शब्द न कळणाऱ्यालाही ऐकू येते.

वेशभूषा, पडदे आणि अभिनय काढून घेतले आणि विषय बहुधा धार्मिक ठेवला, की ऑरॅटोरिओ उरतो. रोममधील प्रार्थनासभांतून हा प्रकार वाढला आणि इटालियन संगीतकार कारिसिमीने त्याला घाट दिला. मूळचा जर्मन संगीतकार हँडेल याने लंडनमध्ये वर्षानुवर्षे इटालियन ऑपेरे लिहिले. त्या खर्चिक कारभाराचा जम बसेना, तेव्हा तो इंग्रजी ऑरॅटोरिओकडे वळला आणि तेथे त्याने समूहगानाला मध्यवर्ती स्थान दिले. १७४२ मध्ये डब्लिनला प्रथम गायिला गेलेला 'मसाया' सर्वांत प्रसिद्ध असला, तरी त्यात संवाद बोलणारी पात्रे जवळजवळ नाहीतच, त्यामुळे तो या प्रकाराचा नमुनेदार प्रतिनिधी नव्हे.

पॅशन हा ख्रिस्ताच्या यातना आणि मृत्यूची कथा सांगणारा, गुड फ्रायडेशी जोडलेला प्रकार. जर्मन संगीतकार बाखच्या 'सेंट मॅथ्यू पॅशन' मध्ये बायबलमधील कथन टेनर (उंच पट्टीचा पुरुष आवाज) गायक केवळ कंटिन्युओच्या साथीवर करतो, तर येशूच्या शब्दांभोवती प्रत्येक वेळी तंतुवाद्यांचे लांबवलेले स्वर तेजोवलयासारखे असतात. पण क्रुसावर 'देवा, तू मला का सोडलेस' असा आक्रोश येतो, तेव्हा ती तंतुवाद्ये गप्प असतात. मला हा सर्व बरोक संगीतातील सर्वांत धाडसी निर्णय वाटतो.

कँटाटा आकाराने लहान. इटलीत ती श्रीमंतांच्या दिवाणखान्यात एक-दोन गायकांनी गाण्याची प्रेमविषयक रचना होती. जर्मनीतील लुथरपंथी चर्चमध्ये ती रविवारच्या उपासनेचा भाग झाली. लाइपझिगला १७२३ मध्ये रुजू झाल्यावर बाख आरंभीची काही वर्षे जवळजवळ दर आठवड्याला नवी कँटाटा हातावेगळी करत असे. त्याच्या सुमारे दोनशे धार्मिक कँटाटा आज उपलब्ध आहेत. त्याच बाखने कॉफीचे व्यसन जडलेल्या मुलीवर आणि तिच्या वैतागलेल्या बापावरही एक कँटाटा लिहिली आहे; ऑपेरा त्याने एकही लिहिला नाही, पण विनोदी ऑपेरा त्याला सहज जमला असता, हे ती ऐकून पटते.

मास (चर्चच्या मुख्य उपासनेच्या ठरलेल्या शब्दांची रचना) आणि मोटेट (धार्मिक शब्दांची समूहगानाची रचना) हे प्रकार जुने, बरोकच्या आधीपासूनचे. त्यांत या काळात एकल गायन आणि वाद्यवृंद शिरला, एवढे येथे पुरे. इंग्लंडमधील अँथम, म्हणजे तेथील चर्चच्या उपासनेत गायिली जाणारी इंग्रजी समूहरचना, मात्र वेगळा उल्लेख मागतो, कारण हँडेलच्या 'झेडॉक द प्रीस्ट' ला मी सांगितलेली विभागणी लागूच पडत नाही. त्यात ना रेसिटेटिव्ह आहे, ना आरिया. तंतुवाद्ये बराच वेळ हळूहळू चढत जातात आणि मग सात स्वरपंक्तींचे समूहगान एकदम उसळते. १७२७ मध्ये दुसऱ्या जॉर्जच्या राज्याभिषेकासाठी लिहिलेली ही रचना तेव्हापासून प्रत्येक ब्रिटिश राज्याभिषेकात गायिली गेली आहे, २०२३ च्या तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकातही.