नाव नसलेले चेहरे : कॅनडाच्या अतिउत्तरेची दप्तरं आणि जुनी छायाचित्रं

श्रोतेहो, नमस्कार.

१९५० सालच्या फेब्रुवारीत रिचर्ड हॅरिंग्टन हा छायाचित्रकार हडसन उपसागराच्या पश्चिमेला पॅडली नावाच्या ठिकाणी पोहोचला. त्या वर्षी कॅरिबू, म्हणजे तिकडची रेनडिअर जातीची हरणं, नेहमीच्या वाटेनं आलीच नव्हती आणि माणसं उपासमारीनं मरत होती. हॅरिंग्टननं काढलेले कृष्णधवल फोटो इतके स्वच्छ आहेत की अंगरख्याच्या कडेची शिवणसुद्धा मोजता येते. पण त्या काळच्या अशा शेकडो फोटोंखाली ओळ असायची ती एवढीच : "एस्किमो स्त्री आणि मूल". गावाचं नाव कधी असे, कधी तेही नसे. फोटो कुणी काढला हे मात्र हमखास लिहिलेलं.

कॅनडाच्या अतिउत्तरेच्या जुन्या दप्तरांबद्दल आज बोलायचं ते याच उणिवेमुळे. निगेटिव्ह शून्याखाली ठेवली की पुढची शंभर वर्षं टिकते. फोटोतला माणूस कोण, हे सांगणारी वृद्ध माणसं मात्र दरवर्षी कमी होत जातात. म्हणून मोठमोठ्या शीतगृहांइतकीच, किंबहुना त्याहून जास्त घाई या नावांची आहे.

नावं का लिहिली गेली नाहीत? फोटो काढणारे बहुतेक पाहुणे होते : पोलीस, भूमापन करणारे, मिशनरी, व्यापारी कंपनीचे कारकून आणि सरकारी जहाजावरचे अधिकारी. १९२२ पासून कॅनडा सरकारची पूर्व आर्क्टिक गस्त दर उन्हाळ्यात निघायची. आधी 'आर्क्टिक' हे जहाज होतं, पुढे 'नॅस्कोपी'. एकेका वस्तीत जहाज एखाद-दोन दिवस थांबायचं. तेवढ्यात माल उतरवायचा, डॉक्टरांनी तपासायचं, पोलिसांनी नोंदी करायच्या आणि जाता जाता फोटो काढायचे. म्हणून या संग्रहांत जुलै ते सप्टेंबर हेच महिने भरलेले दिसतात. किनाऱ्यावर जमलेली गर्दी, तंबू, खोकी, हसरे चेहरे. आठ-नऊ महिन्यांचा हिवाळा, सीलच्या श्वासछिद्राशी तासन्‌तास उभं राहणं, दिव्याच्या उजेडात कातडं कमावणं, हे त्यांत क्वचितच सापडतं. हे फोटो पाहून तिथल्या जगण्याबद्दल मत बनवणाऱ्यानं हा एकांगीपणा आधी लक्षात घ्यावा.

तारीख ठरवायला हीच जहाजं उपयोगी पडतात. 'नॅस्कोपी' १९४७ च्या जुलैत केप डॉर्सेटजवळ खडकावर आपटून बुडालं. त्यामुळे ते जहाज नांगरलेलं दिसलं की फोटो त्याआधीचा, हे पक्कं. 'सी. डी. हाऊ' हे जहाज दिसलं तर १९५० किंवा त्यानंतरचा. मधल्या महिन्यांसाठी हडसन्स बे कंपनीच्या वखारींचे रोजनामे पाहायचे. १६७० साली स्थापन झालेल्या या कंपनीचं दप्तर १९७४ मध्ये लंडनहून विनिपेगला आणलं गेलं आणि १९९४ मध्ये मॅनिटोबा प्रांताच्या स्वाधीन झालं. वखारीचा कारकून रोज हवा कशी होती, कोण आलं, किती कोल्ह्यांची कातडी आणली, हे टिपून ठेवायचा. फोटोतल्या बर्फाची आणि घसरगाड्यांची स्थिती रोजनाम्याशी ताडून पाहिली, की 'वसंत, साल अज्ञात' अशी नोंद कित्येकदा नेमक्या आठवड्यापर्यंत आणता येते.

आता माणसाच्या ओळखीकडे येऊ. तिथल्या मूळ रहिवाशांमध्ये, म्हणजे ज्यांना जुन्या कागदांत एस्किमो म्हटलंय त्या इनुइट लोकांमध्ये, आडनाव नव्हतं. बाळाला नुकत्याच वारलेल्या माणसाचं नाव द्यायची रीत होती, आणि नावावरून स्त्री की पुरुष हे कळत नसे. मिशनऱ्यांनी बायबलमधली नावं दिली, कारकुनांनी कानाला ऐकू आली तशी स्पेलिंगं लिहिली. एकाच बाईचं नाव पोलिसांच्या यादीत एक, चर्चच्या वहीत दुसरं आणि दवाखान्याच्या कागदावर तिसरं. यावर सरकारनं १९४१ पासून उपाय काढला तो बिल्ल्यांचा. नाण्याएवढी गोल चकती, मधोमध राजमुकुट, कडेनं 'एस्किमो ओळख, कॅनडा' अशी अक्षरं, दोरीनं गळ्यात घालायला वर भोक. क्रमांकाच्या सुरुवातीला पूर्वेकडच्यांसाठी 'ई' आणि पश्चिमेकडच्यांसाठी 'डब्ल्यू', मग जिल्ह्याचा आकडा, मग त्या माणसाचा. जगप्रसिद्ध चित्रकार केनोजुअक अशेवाक यांचा क्रमांक होता ई७-१०३५, त्यातला ७ म्हणजे केप डॉर्सेटचा परिसर. माणसाला आकड्यानं ओळखणं अपमानाचंच होतं. तरी आज दप्तर शोधताना हाच आकडा सगळ्यात भरवशाचा धागा ठरतो, कारण स्पेलिंग बदलतं आणि आकडा बदलत नाही.

पुढे १९६८ ते १९७१ या काळात एब ओकपिक हे इनुइट नेते सरकारच्या आडनाव-मोहिमेसाठी वस्त्यावस्त्यांतून हिंडले आणि प्रत्येक कुटुंबानं आपलं आडनाव निवडलं. म्हणजे एका माणसाच्या कागदांचे तीन थर झाले : १९४१ पूर्वीचं नुसतं नाव, मग क्रमांक, आणि १९७१ नंतरचं आडनाव. शोध घ्यायचा तर अलीकडून मागे जायचं. आडनावावरून क्रमांक, क्रमांकावरून जुनं नाव. उलट दिशेनं गेलात तर एकाच नावाची दहा माणसं समोर येतात आणि गुंता वाढतो.

गावांच्या नावांचंही तसंच. फ्रोबिशर बे १९८७ मध्ये इकालुइट झालं, एस्किमो पॉइंट १९८९ मध्ये आर्वियात, स्पेन्स बे १९९२ मध्ये टालोयोआक, कॉपरमाइन १९९६ मध्ये कुगलुक्टुक, रिपल्स बे २०१५ मध्ये नाउयात आणि केप डॉर्सेट २०२० मध्ये किन्गाइट. नुनावुट हा प्रदेशच मुळी १ एप्रिल १९९९ ला वेगळा झाला, त्याआधीची कागदपत्रं 'नॉर्थवेस्ट टेरिटरीज'खाली लावलेली. त्यामुळे ऑटावाच्या 'लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडा'च्या सूचीत शोधताना जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं टाकून पाहावी लागतात. 'एस्किमो' हा शब्दही टाकावा लागतो. आज तो तिथं अवमानकारक मानला जातो, पण जुन्या नोंदी त्याखालीच आहेत.

चेहऱ्यांना नावं मिळवून देण्याचं मोठं काम २००० च्या दशकाच्या सुरुवातीला उभं राहिलं, 'प्रोजेक्ट नेमिंग' या नावानं. ऑटावातली 'नुनावुट सिवुनिक्सावुट' ही इनुइट तरुणांची शिक्षणसंस्था, नुनावुट सरकार आणि राष्ट्रीय अभिलेखागार यांनी ते मिळून केलं. सुरुवात हॅरिंग्टनच्याच सुमारे ५०० फोटोंपासून. विद्यार्थी लॅपटॉप घेऊन आपापल्या गावी गेले आणि आजी-आजोबांच्या शेजारी बसून एकेक फोटो दाखवू लागले. त्या पहिल्या खेपेत बहुतेक चेहऱ्यांना नावं मिळाली.

अशी बैठक नीट घेण्याचं एक तंत्र असतं. फोटो मोठा छापायचा, किमान ए-फोर आकाराचा, कारण म्हाताऱ्या डोळ्यांना पडद्यावरची चमक त्रास देते. त्यावर पारदर्शक कागद ठेवून प्रत्येक चेहऱ्याची बाह्यरेषा काढायची आणि आत आकडा घालायचा. 'डावीकडून तिसरा' असं तोंडी सांगण्यात हमखास घोटाळा होतो. मागच्या ओळीतलं मूल मोजायचं की नाही, इथूनच वाद सुरू होतो. जुनी ओळ आधी वाचून दाखवायची नाही, नाहीतर ऐकणारा त्याच दिशेला ओढला जातो. संभाषण इनुक्टिटुट या इनुइट भाषेतच ध्वनिमुद्रित करायचं, कारण नावाचा खरा उच्चार त्या आवाजातच टिकतो. नाव कुणी सांगितलं, कधी, आणि सांगणाऱ्याचं त्या माणसाशी नातं काय, हे नावासोबतच लिहायचं. दोन वृद्धांनी दोन नावं सांगितली तर दोन्ही ठेवायची. अभिलेखागारानं न्यायाधीश व्हायचं कारण नाही.

चेहरा धूसर असला तरी बायका कपड्यांवरून ओळखतात. पाठीवर बाळ घेण्याच्या अंगरख्याला अमाउटी म्हणतात. त्याच्या टोपाचा आकार, मागच्या शेपटाची लांबी, मण्यांचं काम, हे सगळं प्रदेशानुसार बदलतं. हातही ओळखू येतो : हे शिवलंय कुणी, यावरून घालणारी कुणाची मुलगी ते कळतं. म्हणून स्कॅन करताना 'चेहराच महत्त्वाचा' असं समजून कडा कापू नयेत.

पाहुण्यांच्या या गर्दीत एक नाव अगदी निराळं आहे. पीटर पिट्सिओलाक, जन्म १९०२, मृत्यू १९७३, केप डॉर्सेट भागातला इनुक (एकट्या इनुइट माणसाला इनुक म्हणतात). त्यानं आपल्याच माणसांचे फोटो काढले, आणि फिल्म धुण्याचं काम तो आणि त्याची बायको आग्गीओक मिळून करत, प्रसंगी इग्लूमध्येसुद्धा. अंधारखोलीच्या लाल दिव्यासाठी बॅटरीच्या टॉर्चवर लाल कापड बांधायचं. बर्फाचा झगमगाट आवरायला फिल्टर हवा, तर जुन्या गॉगलची काच भिंगापुढे धरायची. रसायनं अंश-दोन अंश थंड झाली तरी फिल्म नीट उमटत नाही, आणि इग्लूत उष्णता वाढवावी तर छत गळू लागतं. या दोहोंच्या मधली ऊब सांभाळून त्यांनी जे काम केलं, त्यातल्या दीड हजारांहून जास्त निगेटिव्ह आज कॅनडाच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहेत. पिट्सिओलाक सिलॅबिक लिपीत, म्हणजे इनुक्टिटुट लिहायच्या लिपीत, रोजनिशीही लिहायचा. इथं फोटो काढणारा माणसांना नावानं ओळखत होता. माझ्या मते अतिउत्तरेचा सगळ्यात मौल्यवान छायाचित्रसंग्रह हाच.

आता फिल्मबद्दल, कारण ही रसायनं कॅनडात जशी वागतात तशीच मुंबईत किंवा कोकणात वागतात. १९५१ च्या आधीची फिल्म नायट्रेटची असू शकते. कडेला 'नायट्रेट' असं छापलेलं असतं, सुरक्षित फिल्मवर 'सेफ्टी'. नायट्रेट बिघडताना आधी पिवळी पडते, मग चिकट होते आणि शेवटी तपकिरी भुकटी उरते. ती जळताना स्वतःच ऑक्सिजन तयार करते, त्यामुळे पाण्यानं किंवा वाळूनं विझत नाही. चित्रपटकार रॉबर्ट फ्लॅहर्टीनं हडसन उपसागरात चित्रित केलेली सुमारे ३०,००० फूट निगेटिव्ह १९१६ मध्ये टोरांटोत एका सिगारेटच्या ठिणगीनं गेली. उलट युकॉनमधल्या डॉसन सिटीत १९७८ साली बर्फावरच्या हॉकीच्या मैदानाखाली, बुजवलेल्या पोहण्याच्या तलावात, नायट्रेटची ५३३ रिळं सापडली. कायम गोठलेल्या जमिनीनं ती सुमारे पन्नास वर्षं राखली होती. नुकसान झालं ते कडांना, पाणी शिरल्यामुळे. थंडी तारते आणि ओल मारते, हा धडा तिथून घ्यावा.

नायट्रेटनंतरची ॲसिटेट फिल्म पेटत नाही, पण आंबते. डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला की समजायचं, सुरुवात झाली. मोजायला कागदी पट्ट्या मिळतात. निळी पट्टी डब्यात ठेवायची. ती हिरवी झाली तर आंबणं चालू, पिवळी झाली तर फार उशीर झालाय. अशी रिळं वेगळी काढून आधी त्यांची नक्कल करायची, कारण बाहेर पडणारी आम्लाची वाफ शेजारच्या चांगल्या फिल्मलाही बिघडवते. गोठवून ठेवलेली फिल्म हवाबंद पिशवीतून लगेच काढायची नाही. पिशवीसकट चोवीस तास खोलीत राहू द्यायची आणि मगच उघडायची. घाई केली तर चित्र धरून ठेवणाऱ्या जिलेटिनच्या थंड थरावर दव धरतं आणि चित्र सुटून येतं.

काचेच्या प्लेटी लांब कडेवर उभ्या ठेवायच्या, तडकलेली प्लेट तेवढी आडवी. पुसायची ती फक्त काचेची गुळगुळीत बाजू. मंद बाजूवर चित्र असतं, आणि तिथं जुन्या छायाचित्रकाराचं पेन्सिलीनं केलेलं कामही असतं. स्कॅन करताना ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हला इंचाला ४००० पिक्सेल लागतात, ५ बाय ७ इंची प्लेटीला १२०० पुरतात. मूळ फाइल टिफमध्ये, १६ बिट.

आणि उलटं स्कॅन! ही चूक फार होते, आणि इनुइट लिपीत ती पकडणंही अवघड. सिलॅबिक लिपीत एकच आकार कोणत्या दिशेला तोंड करून आहे त्यावर स्वर ठरतो. उजवीकडे टोक असलेला कोन 'पु', डावीकडे टोक असलेला 'प'. निगेटिव्ह पालथी पडली की 'पु'चा 'प' होतो, आणि दोन्ही खरी अक्षरं असल्यानं लिपी न येणाऱ्याला काहीच खटकत नाही. म्हणून पेटाऱ्यावरची इंग्रजी अक्षरं, जहाजाचं नाव, असं काहीतरी आधी तपासायचं, आणि पाटीवर सिलॅबिक असेल तर लिपी वाचणाऱ्याकडून पाहून घ्यायचं.

हे सगळं कुणासाठी? हरवलेल्या माणसांचा माग काढणाऱ्या कुटुंबांसाठी. 'सी. डी. हाऊ' जहाजावर क्ष-किरण यंत्र होतं. तपासणीत क्षयरोग आढळला की माणसाला थेट दक्षिणेकडच्या रुग्णालयात नेत. केनोजुअक अशेवाक १९५२ ते १९५५ अशा क्यूबेक शहरातल्या रुग्णालयात होत्या. त्या परतल्या. अनेक जण परतले नाहीत, आणि कुठे पुरलं हेही घरी कळवलं गेलं नाही. मार्च २०१९ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी इकालुइटमध्ये याबद्दल माफी मागितली आणि 'नानिलावुट' हा कबरी शोधण्याचा उपक्रम जाहीर झाला. शोध घेणाऱ्या कुटुंबानं आधी चार गोष्टी जमवाव्यात : बिल्ल्याचा क्रमांक, नेलं त्या उन्हाळ्याचं साल, जहाजात चढवलं त्या वस्तीचं जुनं नाव, आणि माणसाच्या नावाची आठवतील तेवढी स्पेलिंगं. क्रमांक ठाऊक नसेल तर भावंडांचा पाहावा, कारण एका घरातल्या माणसांना बहुधा लागोपाठचे आकडे दिले जात. त्यानंतर रुग्णालयाची नोंदवही, दफनाची वही आणि जहाजाच्या धक्क्यावरचे त्या वर्षीचे फोटो, या क्रमानं पुढे जावं.

नमस्कार.