एका आधणाचा रंग

(पहाट. गुऱ्हाळाच्या धुराड्यातून धूर, मागं उसाचं रान.)

कोल्हापूरजवळच्या करवीर तालुक्यातलं हे गुऱ्हाळघर पहाटे चारलाच जागं झालंय. घाण्यातला रस काहिलीत पडतोय. खाली चुलवाणात चिपाडं भडकलीत, याच रानातल्या उसाची, उन्हात वाळवलेली. विकतचं सरपण इथं लागत नाही. एक टन ऊस गाळला तर शंभर-सव्वाशे किलो गूळ हाती येतो. बाकी सगळं वाफ, मळी आणि चिपाड.

(काहिलीवर मळी. झारा.)

रस तापला की ही काळपट हिरवी मळी वर येते. ती पकडायला रानभेंडी. भाजीची नव्हे. तिची खोडं चेचून पाण्यात भिजवायची आणि तो चिकट रस काहिलीत ओतायचा. मळी त्याला धरून वर येते, झाऱ्यानं उपसता येते. सोबत चुन्याची निवळी. फेस काठापर्यंत चढला तर थोडं तेल शिंपडायचं, की तो मुकाट खाली बसतो.

(गुळव्याचा हात. पाण्याचं भांडं.)

हा गुळव्या, गूळ शिजवणारा कारागीर. पाक ११८ अंशांच्या आसपास आला की काहील उतरवावी, असं पुस्तकात असतं. इथं थर्मामीटर नाही. हा चिमूटभर पाक गार पाण्यात टाकतो, बोटांत गोळी वळतो आणि भांड्यावर मारतो. टण्ण! झालं. मग काहील वाफ्यात, म्हणजे पाक निववायच्या हौदात, रिकामी होईपर्यंत कुणी कुणाशी बोलत नाही. हे एवढं टिपायला आम्हाला तीन आधणं, म्हणजे रसाच्या तीन काहिली शिजून होईपर्यंत, थांबावं लागलं; दोनदा वाफेनं भिंगच पांढरं झालं.

(ओंजळीत पांढरी भुकटी.)

आता हे बघा. गुऱ्हाळावर याला हायड्रोस म्हणतात. सोडियम हायड्रोसल्फाइट. कापडगिरणीत रंग उडवायला वापरतात, तेच. उकळत्या पाकात पडलं की तांबूस गूळ पिवळाधमक होतो. चव सुधारत नाही, टिकाऊपणा वाढत नाही, आणि तो पिवळेपणाही कायमचा नसतो. ठेवणीत गूळ पुन्हा काळवंडतो. आमच्या आग्रहाखातर मालकांनी दोन आधणं काढली, एक भुकटीचं, एक बिनभुकटीचं. ऊस एकाच सरीतला, गुळव्या एकच.

(दोन ढेपा शेजारी शेजारी. कॅमेरा स्थिर.)

(शाहू मार्केट यार्ड. गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, थप्प्या, सौद्याचा गलका.)

या पेठेचा पाया राजर्षी शाहू महाराजांचा. १८९१ साली मिरजेहून कोल्हापुरात रेल्वे आली आणि १८९५ साली शाहूपुरी वसली. गुळाचा व्यापार तिथं वाढला, पुढं यार्डात आला. दरवर्षी दिवाळी पाडव्याला नव्या गुळाचा सौदा निघतो, हार-नारळासकट. इथला सगळ्यात मोठा गिऱ्हाईक गुजरात. आणि गुजरातला गूळ पिवळा लागतो. सौद्यात हात आधी रंगावर फिरतो. तांबूस ढेप बाजूला सरकवली जाते. ते दृश्य पुन्हा मागून घ्यायची गरज पडली नाही, दिवसभर तेच चाललं होतं.

(एक किलोचे खोके. चिकटपट्टी.)

परदेशी जाणारा माल मात्र वेगळ्या खोलीत भरला जातो. तिकडच्या गिऱ्हाइकाला तांबूस गूळ पाहिजे. युरोप-अमेरिकेत किलोमागं १० मिलिग्रॅमच्या वर सल्फाइट निघालं तर वेष्टनावर तसं छापावंच लागतं. म्हणजे ज्या भुकटीनं यार्डात भाव चढतो, तीच बंदरापलीकडं अडचण होते. कोलंबियाचा पनेला हाही आपल्या गुळाचाच भाऊ. तपकिरी रंगाचाच विकतो आणि तसाच परदेशात पोचतो.

एक गंमत. जगाच्या व्यापाराच्या नोंदीत गूळ आणि साखर एकाच घरात राहतात, क्रमांक १७०१. फरक फक्त पुढच्या आकड्यांत. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारनं साखरेच्या निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हा गूळ त्यातून बाहेर राहिला. दार उघडं होतं. पण दाराशी नेण्याजोगा बिनभुकटीचा माल किती गुऱ्हाळांत होता?

(भौगोलिक मानांकनाचं प्रमाणपत्र, भिंतीवर.)

२०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. नाव आपलं झालं. तरी बाहेरून आलेला गूळ इथल्या नावानं विकला जातो ही तक्रार जुनीच आहे, आणि पिवळा केल्यावर कुठला गूळ कुठला हे डोळ्यांना कळणार कसं? आमच्या मते ही ओळख जपायची तर आधी रंगावरचा भाव मोडायला हवा. दरम्यान गुऱ्हाळं बंद पडत गेली. हजारावर असलेली संख्या आता शेकड्यांत मोजतात.

(पुन्हा गुऱ्हाळ. सांज.)

संध्याकाळचं आधण चढलंय. मळी उपसून झाली. भुकटीची पिशवी खुंटीला लटकतेय. मालक दारात उभे राहून यार्डातल्या अडत्याला फोन लावताहेत, आजचा दर विचारायला. गुळव्या झारा हातात धरून त्यांच्याकडं बघतोय.