कच्च्या मुलांना न गाळणारी शाळा

श्रोतेहो, नमस्कार. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील भातपट्ट्यात ज्या माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवले, तिच्याविषयी आज बोलणार आहे.

गारगोटीला व्ही. टी. पाटील आणि जे. पी. नाईक यांनी १९५२ साली मौनी विद्यापीठ उभारले आणि कुंभोजच्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापलेली रयत शिक्षण संस्था तर त्याआधीच खेड्यापाड्यांत पोहोचली होती. त्याच वातावरणात अनेक गावांनी वर्गणी काढून, श्रमदानाने भिंती बांधून हायस्कुले सुरू केली. आमची शाळा त्यांपैकीच एक.

पुढे इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या गाड्या गावात येऊ लागल्या. पट घटला, संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरतात त्यात, तुकडी गेली, शिक्षक अतिरिक्त ठरले आणि गणिताला शिक्षक नाही म्हणून आणखी मुले गेली. हे सारे खरेच. परंतु माझ्या मते मूळ दुखणे आमच्या हातून घडत होते. दहावीचा निकाल चांगला दिसावा म्हणून नववीतल्या कच्च्या मुलांचे दाखले काढून त्यांना १७ नंबरचा, म्हणजे शाळेबाहेरून परीक्षेला बसण्याचा, अर्ज भरायला सांगितले जाई. फलकावर निकालाचा आकडा झळके आणि ती मुले गवंड्याच्या हाताखाली नाहीतर गुऱ्हाळावर कामाला लागत.

नव्या मोठ्या बाई आल्या आणि त्यांनी पहिल्याच वर्षी ही पद्धत बंद केली. निकाल खाली आला, संस्थेच्या बैठकीत त्यांना कडक शब्द ऐकावे लागले. तरी त्या बधल्या नाहीत. शाळा सावरली ती या निर्णयामुळे, असे मी आजही ठामपणे म्हणेन.

आठवीतला एक मुलगा इतिहासाचा धडा घडाघडा वाचून दाखवत होता. बाईंनी पानावरच्या चित्रावर तळहात ठेवला, मधल्याच एका ओळीवर बोट टेकवले आणि तिथून वाचायला सांगितले. तो गप्प झाला. धडा त्याला पाठ होता; जोडाक्षरे मात्र वाचता येत नव्हती. त्यानंतर रोजचा पहिला तास वाचनाचा झाला. इयत्ता न पाहता ज्याला जेवढे वाचता येते त्याप्रमाणे गट पाडले आणि चित्रकलेच्या व खेळाच्या सरांनीही एकेक गट घेतला. मुलांना यात कमीपणा वाटू नये, याची बाई फार काळजी घेत.

रोपलावणीच्या दिवसांत वर्ग ओस पडत. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंड ठेवला होता. बाईंच्या हाती दंड नव्हता. त्या हजेरीपट घेऊन थेट बांधावर जात. मुलींची अडचण निराळी होती. एसटीचा पास मोफत असला तरी शेवटची सोयीची गाडी शाळा सुटण्याआधीच निघून जाई, आणि अंधार पडल्यावर पायी येणाऱ्या मुलीला घरचे लोक दुसऱ्या दिवशी पाठवीत नसत. बाईंनी शाळेची वेळच अलीकडे आणली.

पट हळूहळू वाढला, गेलेली तुकडी परत मिळाली. प्रयोगशाळेची अवस्था मात्र अजून बिकटच आहे, कारण वेतनेतर अनुदानात तिचे भागत नाही.

श्रोतेहो, आपण एखाद्या शाळा समितीवर असाल, तर निकालाची टक्केवारी ऐकल्यावर एक प्रश्न अवश्य विचारा: गेल्या वर्षी नववीत असलेली किती मुले यंदा दहावीच्या वर्गात बसली आणि उरलेली कुठे गेली? नमस्कार.