ड्रेड: दोनशे मजले आणि एक पंचनामा

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय २०१२ सालच्या 'ड्रेड' या चित्रपटाबद्दल.

जज ड्रेड हा ब्रिटिश कॉमिक साप्ताहिकातला, १९७७ पासूनचा. उद्ध्वस्त अमेरिकेतलं ऐंशी कोटी वस्तीचं शहर आणि तिथले पोलीसच न्यायाधीश. पकडायचं, शिक्षा सुनावायची, जागच्या जागी गोळीही घालायची. ड्रेड आणि शिकाऊ अँडरसन दोनशे मजली इमारतीत शिरतात, टोळीची म्होरकी मा-मा दारं बंद करते, आणि लढाई सुरू. गोष्ट एवढीच, पण ती दीड तासात संपते. हल्ली अडीच तासांखाली कुणी थांबत नाही. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना अख्ख्या हरिश्चंद्राला जेमतेम चाळीस मिनिटं पुरली होती!

ड्रेड झालेल्या कार्ल अर्बनचा चेहरा पूर्ण दिसतच नाही. पुन्हा सांगते, एकदाही नाही. हेल्मेटखालची हनुवटी आणि आवाज, तेवढ्यावर त्यानं माणूस उभा केलाय.

आता आमच्या अण्णांचं सांगते. अण्णा म्हणजे माझे काका, निवृत्त पोलीस हवालदार. कुंभमेळ्यात रामकुंडावर बंदोबस्त केलेले. पंचवटीतल्या घरी पोरांनी हा चित्रपट लावला, अण्णा शेजारी सुपारी कातरत बसलेले. इमारतीच्या दारात एक भिकारी असतो. ड्रेड त्याला दरडावतो, मी परत येईन तेव्हा इथं दिसू नकोस. पुढे पोलादी दारं कोसळतात, भिकारी त्याखाली चिरडला जातो, आणि चित्रपट पुढे निघून जातो.

अण्णांनी अडकित्ता खाली ठेवला. "थांबव रे. ह्याचा पंचनामा?"

पोरं हसली. अण्णा हसले नाहीत. "रामकुंडावर चुकलेली म्हातारी सापडली की आधी नाव विचारायचं, मग गाव, मग भोंग्यावरून पुकारायचं. ह्या बाबानं एकाला तरी नाव विचारलं?"

पुढे अँडरसन एका बाईच्या घरात येते. भिंतीवरचा फोटो बघून तिला कळतं, मघाशी आपण मारला तो हिचा नवरा. अण्णा सरसावून बसले. "ही पोरगी पोलीस आहे."

अण्णांनी नेमकं दुखणं पकडलं. मा-मा मशीनगननं अख्ख्या मजल्याची चाळण करते, पण मेलेली माणसं कोण, याची चौकशी होत नाही. मा-माच्या टोळीच्या अमली पदार्थानं काळ संथ भासतो, ती नशेतली दृश्यं देखणी आहेत, तरी रक्त इतकं सुंदर दिसावं हे मला पटत नाही. नाव विचारणारी एकटी अँडरसन, आणि चित्रपट तिच्यामुळे तरतो.

लहान मुलांना दाखवू नका. मोठ्यांनी जरूर बघा, आणि शेवटी अँडरसन कुणाला सोडून देते, का सोडते, तेवढं नीट बघा. नमस्कार.