रेड वाइन आणि घरचं वाटण

(ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या एका गृहसंकुलाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी. प्रत्येकाच्या पुढ्यात एक कप कोरा चहा आहे आणि शेजारच्या बशीत मूठभर भाजलेले शेंगदाणे, चिमूटभर मीठ, गुळाचा खडा आणि लिंबाची फोड आहे. चहा मुद्दाम दहा मिनिटं उकळलाय, त्यात दूध नाही की साखर नाही. इथे वाइन वाढायची तर वेगळा परवाना लागतो, तो आपण घेतलेला नाही. पण रेड वाइन आणि जेवण यांचं एकमेकांशी काय चालतं, ते बरंचसं या चहातूनही कळतं.

एक घोट घ्या. लगेच गिळू नका, तोंडात सगळीकडे फिरवा. हिरड्या ओढल्यासारख्या वाटतायत, जीभ टाळूला खरखरीत लागतेय. हा टॅनिनचा तुरटपणा. आपल्या लाळेत काही प्रथिनं असतात, त्यांच्यामुळे तोंड गुळगुळीत राहतं. टॅनिन त्यांनाच जाऊन चिकटतं आणि तोंड कोरडं पडतं. जांभूळ, सुपारी, कच्चं केळं खाल्लेल्या माणसाला हे नव्याने शिकवायला नको. रेड वाइनमध्ये टॅनिन येतं ते मुख्यतः द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं दाबून रस वेगळा काढतात आणि मग आंबवतात. रेडसाठी काळी द्राक्षं सालीसकट आंबवतात, म्हणून रंग आणि तुरटपणा दोन्ही उतरतात.

आता थोडे शेंगदाणे नीट चावून खा आणि पुन्हा घोट घ्या. चहा मवाळ लागतोय ना? शेंगदाण्यात प्रथिनं आहेत, तेल आहे. टॅनिनला चिकटायला दुसरं काहीतरी मिळालं, तुमची लाळ वाचली. चहात दूध घातलं की तुरटपणा जातो, त्याचंही कारण हेच. आता मिठाचा एक कण जिभेवर ठेवून घोट घ्या, कडवटपणा कमी होईल. मग गूळ खा आणि लगेच चहा प्या. काय तोंड झालं बघा एकेकाचं! चहा तोच आहे, पण गुळानंतर तो कडू जहर लागतो. शेवटी लिंबू चोखा आणि प्या, चहा पाणचट लागेल.

वाइनचंही असंच होतं. एकाच बाटलीतली वाइन घासागणिक बदलते. म्हणून मला आज एकच गोष्ट पटवून द्यायची आहे: आपल्या घरी वाइन मटणाशी किंवा मासळीशी जुळवायची नसते, ती वाटणाशी जुळवायची असते. ‘लाल मांसाला लाल वाइन’ हा नियम जिथे मांसाचा तुकडा मीठ-मिरी लावून भाजतात तिथला आहे आणि तिथे तो खरा आहे. आपल्याकडे तेच मटण पांढऱ्या रश्श्यात असतं, तांबड्या रश्श्यात असतं, कांदा-खोबऱ्याच्या सुक्यात असतं. तिन्हीला एकच बाटली कशी पुरेल?

आधी वाइन चाखायची कशी ते सांगते. बाटली फोडणीच्या आधी उघडा. हिंगाची फोडणी बसली की पुढचा अर्धा तास स्वयंपाकघरात दुसरा कसला वास येणं अवघड. पेला काचेचा हवा. वर थोडा निमुळता असेल तर वास आत टिकतो, नसेल तर साधा पाण्याचा ग्लासही चालतो. एक तृतीयांशच भरा. पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग बघा, गोल फिरवा, नाक आत घालून वास घ्या. मग छोटा घोट. त्यात तीन गोष्टी शोधा: आंबटपणा किती, तुरटपणा किती, आणि गिळल्यावर घशाला ऊब किती. आंबट घोटाने तोंडाला पाणी सुटतं, तुरट घोटाने कोरडं पडतं, ऊब अल्कोहोलची. एवढं कळलं की जेवणाशी जुळवायला पुरेसं आहे. ब्लॅकबेरी आणि चेरीची वर्णनं सोडून द्या. जांभळाचा, करवंदाचा, मनुकांचा वास आला तर तसंच म्हणा.

तापमानाबद्दल बोलायलाच हवं, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त वाइन तिथेच वाया जाते. रेड वाइन घरातल्या हवेइतक्या तापमानाला प्यावी, असं आपण ऐकलेलं असतं. तो सल्ला थंड देशांतल्या जुन्या घरांसाठी होता, जिथे घरात 16 ते 18 अंश असत. ठाण्यात मे महिन्यात रात्री नऊ वाजता कपाटातल्या बाटलीचं तापमान 30 च्या घरात असतं. त्या तापमानाला अल्कोहोल नाकात भरतं आणि फळाचा वास दबतो. बाटली तासभर-दीड तास फ्रिजमध्ये ठेवा, घाई असेल तर बर्फ घातलेल्या पाण्यात दहा-बारा मिनिटं. हलकी रेड असेल तर त्याहून थोडी थंड करा. मात्र फार गार केली की टॅनिन जास्त बोचतं.

आता तिखट. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या संवेदकांना चेतवतं, ते खरं तर उष्णता ओळखणारे आहेत. म्हणून तिखट आपल्याला ‘जळतं’. अल्कोहोलही तेच संवेदक जास्त हळवे करतं. म्हणजे झणझणीत तांबड्या रश्श्यावर साडेचौदा टक्के अल्कोहोलची भारी कॅबर्ने (हे द्राक्षाच्या जातीचं नाव, पुढे येणारी शिराझ, मर्लो वगैरेही तशीच) प्यायलात, तर आगीत तेलच. वरून टॅनिनने तोंड कोरडं. अशा जेवणाला कमी अल्कोहोलची, कमी तुरट, फळांच्या चवीची ताजी रेड घ्या आणि ती गार करून प्या. आपल्याकडची साधी झिनफंडेल किंवा लाकडी बॅरलमध्ये न ठेवलेली शिराझ या कामाला चांगली. पांढऱ्या रश्श्याला मात्र ती भारी बाटली जरूर काढा. नारळाचं दूध, खसखस, मटणाचा अर्क, टॅनिनला धरून ठेवायला तिथे सगळं आहे.

माझं घर सीकेपी, म्हणून सुक्या मटणाबद्दल जरा जास्त बोलणार आहे. भाजलेला कांदा, खरपूस सुकं खोबरं, मिरी, लवंग. एकेक घेऊ. शिराझच्या वाइनला मिऱ्यासारखा वास येतो, हे पिणाऱ्यांना पूर्वीपासून माहीत होतं. तो नेमका कशामुळे येतो ते 2008 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं. त्या द्रव्याचं नाव रोटंडोन, आणि काळ्या मिरीच्या वासाचंही तेच एक मुख्य द्रव्य. शिराझला मिऱ्याचा वास येतो तो कल्पनेतला नाही, दोन्हीकडे एकच रेणू आहे. त्याच कामात असंही दिसलं की साधारण पाचातल्या एका माणसाला रोटंडोनचा वास येतच नाही. तेव्हा घरात एकाला मिरी जाणवली आणि दुसऱ्याला नाही, तर वाद घालू नका. दोघंही खरं सांगतायत.

लवंगेचं तर याहून सुंदर आहे. चांगल्या रेड वाइन ओकच्या पिंपात, म्हणजे बॅरलमध्ये, काही महिने मुरवतात. बॅरल तयार करताना आतून शेकतात आणि त्या शेकलेल्या लाकडातून वाइनमध्ये युजेनॉल उतरतं. लवंगेच्या तेलातला मुख्य घटक हाच. त्याच लाकडातून आणखी एक द्रव्य येतं, ज्याचा वास थेट खोबऱ्याचा असतो, आणि अमेरिकन ओकमध्ये ते जास्त असतं. आता सांगा, भाजलेल्या खोबऱ्याच्या, लवंग घातलेल्या वाटणाला याहून जवळची वाइन कोणती? बॅरलमध्ये मुरलेली शिराझ किंवा टेम्प्रानिल्यो घ्या, सुकं मटण आणि तांदळाची भाकरी वाढा, आणि मटणाचा घास तोंडात असतानाच छोटा घोट घ्या. वाटणातलं खोबरं अचानक पुढे येतं. मी वर्गात शिकवते तेव्हा इथे लोक बोलायचे थांबतात आणि पुन्हा घास घेतात.

हेच शाकाहारी ताटाला लागू आहे, आणि ते कुणी सांगत नाही याची मला खंत वाटते. भरली वांगी घ्या. दाण्याचं कूट, तीळ, खोबरं, गोडा मसाला, वर सुटलेलं तेल. टॅनिनला हवं ते सगळं त्यात आहे, आणि गोड्या मसाल्यातलं दगडफूल बॅरलच्या धुरकट वासाशी छान बसतं. फक्त त्या दिवशी गूळ हात राखून घाला. मघाशी गुळानंतर चहाचं काय झालं ते आठवा. मर्लो इथे फार छान लागते.

वालाचं बिरडं जरा अवघड. वालाला स्वतःचा कडवटपणा असतो, त्यात वाइनचा कडवटपणा मिसळला तर दोन्ही बिघडतात. पण त्यात नारळाचं दूध असतं आणि आमसूल असतं. आमसुलाचा तो गडद लाल रंग ज्या प्रकारच्या रंगद्रव्यांचा, त्याच प्रकारच्या रंगद्रव्यांमुळे काळ्या द्राक्षाची साल काळी दिसते. पदार्थ आंबट असेल तर वाइन निदान तितकी तरी आंबट हवी, नाहीतर ती लिंबानंतरच्या चहासारखी पाणचट लागते. म्हणून इथे सांजोवेझे. मूळ इटलीचं हे द्राक्ष आता आपल्या सोलापूर जिल्ह्यात, अकलूजच्या बाजूला पिकतं. तिथल्या फ्रातेल्ली या वाइन कंपनीची सांजोवेझे हलकी आणि चांगली आंबटसर असते. ती गार करून बिरड्याबरोबर घेऊन बघा.

चिंच-गुळाच्या आमटीला मी रेड वाइन देत नाही. द्राक्षातलं आणि चिंचेतलं मुख्य आम्ल एकच, टार्टारिक. पण आमटीत ते इतकं असतं की वाइनचं काही चालत नाही, वर गूळ आहेच. आमटी आधी भुरकून घ्या, वाइन भाजीबरोबर. लोणचं त्या रात्री बरणीतच राहू दे.

आता मासळी. समोर आगरी-कोळी घरातली मंडळी बसली आहेत आणि नवी मुंबईतल्या दिवाळे आणि करावे गावांतूनही काही जण आले आहेत, त्यामुळे स्पष्टच बोलते. रेड वाइन आणि मासळी एकत्र आली की कधीकधी तोंडात एक शिळकट, उग्र चव राहते. ती टॅनिनमुळे येते असं पुष्कळ वर्षं मानत. 2009 मध्ये जपानी संशोधकांनी वेगवेगळ्या वाइन शिंपल्यातल्या मांसाबरोबर चाखून पाहिल्या, तेव्हा खरं कारण लोह निघालं. ज्या वाइनमध्ये लोह जास्त, तिच्याबरोबर ती चव जास्त. लोहाचं प्रमाण बाटलीवर लिहिलेलं नसतं, म्हणून अंदाज करता येत नाही. बांगडा, सोडे, सुकट यांच्याबरोबर रेड वाइन उघडूच नका. त्या पदार्थांचा अपमान होतो. कोळंबीच्या खिचडीबरोबर गार केलेली हलकी रेड जमून जाते, कारण तिथे भात आणि खोबरं मध्ये असतात. तव्यावरच्या बोंबलाला नाशिकची शेनिन ब्लांक किंवा सोव्हिन्यों ब्लांक, म्हणजे पांढरीच.

नाशिकचा विषय निघालाच आहे. आपल्या ठाण्यातून जाणारा मुंबई-नाशिक महामार्ग कसारा घाट चढून जिथे पोहोचतो, तिथे ही द्राक्षं होतात. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा छाटतो: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, आणि पाऊस सरताना गोडी छाटणी. द्राक्षं तयार होतात जानेवारी ते मार्चमध्ये, जेव्हा दिवस उबदार आणि रात्री गार असतात. गार रात्रींमुळे फळातलं आम्ल टिकतं. नारायणगावच्या शामराव चौगुल्यांनी 1980 च्या दशकात वाट पाडली, राजीव सामंतांच्या ‘सुला’ या नाशिकच्या वाइन कंपनीच्या पहिल्या बाटल्या 2000 मध्ये आल्या, आणि 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. म्हणजे हा सगळा उद्योग इथे बसलेल्या बऱ्याच जणांपेक्षा तरुण आहे. त्या वाइनला कोणतं जेवण शोभतं, हे युरोपातलं पुस्तक सांगू शकणार नाही. ते आपल्या स्वयंपाकघरातच ठरायचंय आणि आपणच ठरवायचंय. मला या कामाची ओढ आहे ती यासाठी.

एका गृहस्थांनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘रेड वाइन हृदयाला चांगली असते ना?’ त्या कारणासाठी कृपा करून पिऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट म्हटलंय की अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही. जे पीत नाहीत त्यांनी माझं ऐकून सुरू करण्याचं काहीही कारण नाही. जे पितात त्यांनी कमी प्यावी, जेवताना प्यावी, लक्ष देऊन प्यावी. 750 मिलिलिटरच्या बाटलीत पाच पेले होतात. चौघांच्या जेवणाला एक बाटली भरपूर झाली.

दुसरी चिठ्ठी एका ताईंची: ‘घरी दोघंच आहोत, उघडलेली बाटली उरते, तिचं काय करायचं?’ बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. रेड असली तरी फ्रिजमध्येच, कारण हवेने ती बिघडते आणि थंडीत ते सावकाश होतं. तीन-चार दिवस ती चांगली राहते. पहिल्या दिवशी फार तुरट वाटलेली तरुण वाइन दुसऱ्या दिवशी कधीकधी जास्त आवडते. मी तर पहिल्या रात्री सुक्या मटणाबरोबर दोन पेले काढते आणि उरलेली दुसऱ्या दिवशी पिठलं-भाकरीबरोबर घेते, बाजूला कांदा आणि भाकरीवर भरपूर लोणी. त्याहीनंतर उरली तर खिमा परतताना घाला, आधी अल्कोहोलचा वास उडेपर्यंत आटवा आणि मगच मसाला टाका.